चलान एक, माल भलताच

२०२१ च्या जूनमध्ये एका सुरक्षा-संशोधकाने आपल्या वायफायला एक विचित्र नाव दिलं: %पी%एस%एस%एस%एस%एन. मग त्याने आपला आयफोन त्या वायफायला जोडला. झालं, फोनचं वायफाय बंद! फोन बंद करून पुन्हा चालू केला, वायफायचं नाव बदलून पाहिलं, तरी ते सुरू होईना. शेवटी फोनमधल्या नेटवर्कच्या सगळ्या सेटिंग्ज पुसल्या तेव्हा कुठे काम झालं. पुढच्याच महिन्यात अ‍ॅपलने आयफोनच्या सॉफ्टवेअरची १४.७ ही आवृत्ती आणली आणि त्यात ही खोट दुरुस्त केली.

म्हणजे बघा, फोनमध्ये कुणी घुसलं नव्हतं, कुणी काही डाउनलोड केलं नव्हतं. फक्त एक नाव, अवघ्या बारा चिन्हांचं. तेवढ्याने हजारो रुपयांचा फोन का गडबडावा?

उत्तर आपल्या ओळखीच्या एका फंक्शनपाशी आहे: प्रिंटएफ. रायगडमधल्या लोधिवलीहून रसायनीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाणारी मुलं असोत की पुण्या-नागपुरातली, सी भाषेचा पहिला धडा प्रिंटएफनेच सुरू होतो. अवतरणचिन्हांत एक वाक्य लिहायचं, आकडा हवा तिथे %डी, दशांश संख्या हवी तिथे %एफ, मजकूर हवा तिथे %एस लिहायचं आणि पुढे स्वल्पविराम देत देत त्या त्या किमती द्यायच्या. इतकं सोपं, की त्यातलं नवल कुणाच्या लक्षातच येत नाही.

नवल असं. बाकीची फंक्शनं मोजूनमापून घेतात. वर्गमूळ काढणाऱ्याला एकच संख्या लागते. दोन दिल्या तर कंपायलर तिथल्या तिथे अडवतो. प्रिंटएफला मात्र एक द्या, पाच द्या, पंचवीस द्या, आकडे द्या, नावं द्या, सगळं चालतं. अशा फंक्शनांना व्हेरिअ‍ॅडिक म्हणतात. त्यांच्या घोषणेत शेवटी तीन टिंबं असतात, आणि त्या तीन टिंबांचा अर्थ एवढाच: इथून पुढे काय येईल ते मी सांगत नाही.

मग प्रिंटएफला कसं कळतं, की आपल्याला किती गोष्टी मिळाल्या आणि त्या कुठल्या प्रकारच्या आहेत?

कळतच नाही!

लोधिवलीच्या बाजूला राहणाऱ्याला मालाचे ट्रक नवे नाहीत. पाताळगंगा औद्योगिक वसाहतीतून भरून निघालेला ट्रक जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागतो, तेव्हा ताडपत्री घट्ट आवळलेली असते आणि ड्रायव्हरजवळ चलान असतं. आता कल्पना करा, माल उतरवून घेणारा माणूस डोळ्यांवर पट्टी बांधून उभा आहे आणि त्याला फक्त चलान वाचून दाखवलं जातंय. चलानात ‘एक ड्रम’ असेल तर हाताला जे लागेल त्याला तो ड्रम म्हणणार. ‘तीन गोणी’ लिहिलं असेल आणि ट्रकात दोनच असतील, तर तो तिसऱ्या गोणीसाठी ट्रकाच्या पत्र्यालाही हात घालणार. प्रिंटएफचं अगदी असंच आहे. अवतरणचिन्हांतलं वाक्य हे त्याचं चलान, पुढच्या किमती हा माल. त्याचा विश्वास फक्त चलानावर.

हा काही प्रिंटएफ लिहिणाऱ्यांचा आळस नव्हे. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये सी घडवली, ती यंत्राच्या अगदी जवळ राहणारी भाषा म्हणून. आणि यंत्राला प्रकार माहीतच नसतात. प्रोग्रॅम कंपाइल झाला की ‘हा पूर्णांक’, ‘ही दशांश संख्या’, ‘हा मजकुराचा पत्ता’ ही सगळी लेबलं गळून पडतात. उरतात ते नुसते शून्य आणि एक. तेच ६४ बिट पूर्णांक म्हणून वाचले तर एक उत्तर, दशांश म्हणून वाचले तर दुसरंच. दोन्ही वेळा यंत्र तितक्याच आत्मविश्वासाने वाचतं.

आपल्याकडच्या अनेक कॉलेजांत वर्षानुवर्षं टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर सी शिकवली गेली. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा: ३.५ ही किंमत %डी ने छापली की काय यायचं? शून्य! हा शून्य कुठून आला हे फार थोड्यांनी विचारलं असेल. टर्बो सीत पूर्णांक दोन बाइटांचा, तर दशांश संख्या आठ बाइटांची. %डी ने त्या आठांतले पहिले दोन उचलले, आणि ३.५ च्या बाबतीत ते दोन्ही शून्यच असतात. त्याच ओळीत पुढे ७ साठी आणखी एक %डी असेल, तर तो ७ पर्यंत पोचतच नाही. तो ३.५ च्याच उरलेल्या बाइटांतले पुढचे दोन उचलतो आणि पुन्हा शून्य छापतो. बिचारा ७ मागे पडून राहतो.

आजच्या ६४ बिटांच्या लिनक्सवर तर याहून अजब प्रकार घडतो. चलानात आधी %एफ लिहा, मग %डी. माल मात्र उलटा द्या: आधी ७, मग २.५. सरळ सरळ चूक. पडद्यावर कचरा उमटायला हवा ना? उमटतं ते असं: २.५०००००, मग ७. अगदी बरोबर! चुकीच्या प्रोग्रॅमने बरोबर उत्तर दिलं.

कसं? इंटेल आणि एएमडीच्या या प्रोसेसरांवर लिनक्स फंक्शनला किमती देतं ती दोन वेगळ्या वाटांनी. पूर्णांक आणि पत्ते एका प्रकारच्या रजिस्टरांतून जातात, दशांश संख्या दुसऱ्या प्रकारच्या. %एफ वाचताना प्रिंटएफ दशांशांच्या रांगेतला पहिला उचलतो, %डी वाचताना पूर्णांकांच्या रांगेतला पहिला. दोन्ही रांगांत एकेकच उभा, त्यामुळे गल्लत होतच नाही. हाच प्रोग्रॅम अ‍ॅपलच्या नव्या एम चिपच्या मॅकवर न्या. तिथे तीन टिंबांतल्या किमती एकामागोमाग एक स्टॅकवर ठेवल्या जातात, आणि तिथे चूक उघडी पडते. बहुधा दोन्ही जागी शून्य दिसतं. आता सांगा, लिनक्सवर दहा वेळा चाचणी घेऊन ही चूक कुणाला सापडली असती? मला तरी हे कळलं तेव्हा चाचण्यांवरचा माझा भरवसा थोडा डळमळला.

आकडा चुकीचा छापला जाणं हे तरी सौम्य. %एस म्हणजे ‘या पत्त्यावर जा आणि तिथला मजकूर वाच’. पत्त्याच्या जागी भलतंच काही असेल तर प्रिंटएफ भलत्या ठिकाणी जातो, आणि ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रॅम तिथेच संपवते. %एन त्याहूनही विलक्षण. तो काही छापत नाही, तो लिहितो! आतापर्यंत किती अक्षरं छापली तो आकडा दिलेल्या पत्त्यावर जाऊन नोंदवतो. छापण्यासाठी केलेल्या फंक्शनला मेमरीत लिहिण्याचा अधिकार! चलान बाहेरच्या माणसाच्या हाती गेलं, तर तो काय करू शकेल याची कल्पना करा.

जगाला ती करावी लागली नाही, प्रत्यक्षच दिसलं. २००० साली वू-एफटीपीडी या तेव्हाच्या लोकप्रिय फाइल-सर्व्हरमध्ये नेमकी ही फट सापडली: परक्याने पाठवलेला मजकूर थेट चलान म्हणून वापरला जात होता. २००१ च्या जानेवारीत रामेन नावाचा वर्म अशाच फटींतून रेड हॅट लिनक्सच्या यंत्रांत शिरत पसरला. आणि वीस वर्षांनी त्या आयफोनमध्येही तेच. वायफायचं नाव नोंदीच्या ओळीत मिसळलं, आणि ती सबंध ओळच पुढे चलान म्हणून गेली. चलान म्हणालं, ‘चार मजकूर वाच, मग लिही’. माल मात्र काहीच नव्हता.

इतकी जुनी, इतकी ठाऊक असलेली चूक पकडायची कुणी? चालू प्रोग्रॅमला तर लेबलं दिसत नाहीत. पण एक क्षण असा असतो, जेव्हा चलान आणि माल दोन्ही उघड्यावर असतात, लेबलांसकट. तो क्षण कंपाइल होण्याचा! कंपायलरसमोर अवतरणचिन्हांतलं वाक्यही असतं आणि पुढच्या प्रत्येक किमतीचा प्रकारही. त्याने फक्त दोन्ही ताडून पाहायचे.

हे सत्तरच्या दशकातच ओळखलं गेलं. बेल लॅब्जमधल्याच स्टीफन जॉन्सन यांनी लिंट नावाचा तपासनीस प्रोग्रॅम लिहिला. फंक्शनच्या डोक्यावर एखादी ठरावीक टीप लिहिली की लिंटला कळे, इथे तीन टिंबांचा मामला आहे. पुढच्या लिंटांत ‘हे फंक्शन प्रिंटएफसारखं आहे’ असं सांगणारी टीपही आली. या टिपा म्हणजे साध्या कॉमेंट होत्या. कंपायलर ज्या ओळी न वाचता पुढे जातो, त्याच ओळी लिंट वाचायचा. माणसाने माणसासाठी लिहायची जागा यंत्राशी बोलायला वापरली, आणि चालू प्रोग्रॅमच्या वेगात कणभरही फरक पडला नाही.

जीसीसी या मुक्त कंपायलरने ही तपासणी स्वतःच्या पोटात घेतली. प्रिंटएफ, स्कॅनएफ ही नेहमीची मंडळी त्याला जन्मजात ओळखीची. पण खरे प्रोग्रॅम प्रिंटएफ थेट क्वचितच वापरतात. प्रत्येक मोठ्या प्रोग्रॅममध्ये नोंदी ठेवणारं, चुका कळवणारं स्वतःचं फंक्शन असतं. समजा एखाद्या रसायन कारखान्यातल्या टाक्यांसाठी कुणी ‘नोंद’ नावाचं फंक्शन लिहिलं. त्याला आधी नोंदीची पातळी द्यायची, मग चलान, मग तीन टिंबं. कंपायलरसाठी हे अनोळखी नाव. चलानात %डी आणि मालात ८५.५ अंश तापमान असलं तरी तो चकार शब्द काढणार नाही.

आता त्या फंक्शनच्या घोषणेला एक शेपूट जोडा: अ‍ॅट्रिब्यूट, त्याच्या कंसात फॉरमॅट, आणि फॉरमॅटच्या कंसात प्रिंटएफ, २, ३. बस, एवढंच. वाचायचं असं: या फंक्शनचं चलान प्रिंटएफच्या भाषेत आहे, ते दुसऱ्या जागी आहे, आणि माल तिसऱ्या जागेपासून सुरू होतो. प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करा. जिथे जिथे ‘नोंद’ बोलावलंय, त्या शेकडो ओळींतली एकेक तपासली जाते, आणि वॉर्निंग येते: %डी ला पूर्णांक अपेक्षित आहे, पण तिसरं आर्ग्युमेंट दशांश आहे. ओळीचा क्रमांक, नेमक्या चिन्हाखाली खूण, वर ‘%एफ वापरून पाहा’ असा सल्लासुद्धा. कंपायलर अवतरणचिन्हांच्या आत शिरून वाचतोय! सी भाषेच्या नियमांत ते वाक्य म्हणजे नुसती अक्षरांची माळ, तिला अर्थ नाही. एका ओळीच्या शेपटाने तिला व्याकरण दिलं.

बारकावेही पाहण्यासारखे आहेत. काही फंक्शनांकडे माल सुटा येत नाही, गाठोडं बांधून येतो. तिथे माल तपासता येत नाही, म्हणून शेवटच्या आकड्याच्या जागी शून्य लिहायचं; मग कंपायलर निदान चलानाची शुद्धता पाहतो. चलान प्रोग्रॅम चालू असताना तयार होणार असेल, तर कंपायलर काय करणार? तो ते वाचू शकत नाही. पण ‘हे मला वाचता येत नाही, बाहेरून आलेलं असेल तर धोका आहे’ असं तो सांगू शकतो, आणि सांगतोही. २०१४ च्या अखेरीस आलेल्या फेडोरा २१ या लिनक्सच्या आवृत्तीपासून तर त्यातल्या सर्वांत धोकादायक प्रकाराला वॉर्निंगवरून थेट चुकीचा दर्जा मिळाला. असा प्रोग्रॅम तिथे बांधलाच जात नाही.

लिनक्सच्या गाभ्यातली युक्ती मला सर्वांत आवडते. तिथल्या छपाईच्या फंक्शनला इंटरनेटचे पत्ते वगैरे खास गोष्टी छापायच्या असतात. त्यांच्यासाठी नवं चिन्ह काढलं असतं, तर जीसीसीने ‘हे काय?’ म्हणत आरडाओरडा केला असता. म्हणून त्यांनी %पी या जुन्या चिन्हालाच शेपटं लावली. %पीआय४ म्हणजे आयपी पत्ता. जीसीसीला त्यात फक्त %पी दिसतं. पुढचं ‘आय४’ त्याच्या लेखी साधा मजकूर. त्याची तपासणी शाबूत, आणि गाभ्याला हवं ते मिळालं!

प्रत्येक व्हेरिअ‍ॅडिक फंक्शनकडे चलान असतंच असं नाही. काहींची रीत वेगळी: देत राहा, आणि संपलं की शेवटी नल पॉइंटर ठेवा. दुसरा प्रोग्रॅम सुरू करणारं एक्झेकएल असंच. शेवटचा नल विसरलात तर ते मेमरीत पुढे पुढे वाचत जाईल. यासाठी सेंटिनल नावाचं अ‍ॅट्रिब्यूट आहे. ते लावलं की नल नसलेली प्रत्येक ओळ पकडली जाते.

आता यातला अगदी आपला, मराठीचा भाग. ग्नोमसारख्या मुक्त सॉफ्टवेअरची मराठी रूपं आहेत. भारतीय भाषांमधलं असं पुष्कळ काम पुण्यात, रेड हॅटच्या कार्यालयात आणि स्वयंसेवकांच्या हातून झालं. काम चालतं ते असं: प्रोग्रॅममधली इंग्रजी वाक्यं एका फाइलीत काढायची, प्रत्येकाखाली मराठी लिहायचं. त्या वाक्यांत अर्थातच %डी आणि %एस असतात. म्हणजे अनुवादक हा चलान लिहिणारा माणूस झाला, आणि त्याला सी येत असेलच असं नाही.

इंग्रजी वाक्याची ठेवण अशी असते: आधी काढून टाकल्या, मग %डी फाइली, मग कुठल्या %एस फोल्डरमधून. मराठीत आपण काय लिहू? ‘%एस मधून %डी फाइली काढल्या’. शुद्ध, सहज मराठी. आणि याच सहज मराठीने प्रोग्रॅम कोसळेल! प्रोग्रॅम माल देतोय जुन्याच क्रमाने: आधी १२ हा आकडा, मग फोल्डरचं नाव. पहिला %एस त्या १२ ला मेमरीतला पत्ता समजणार, तिथे वाचायला जाणार, आणि खेळ खल्लास. इंग्रजीत वर्षभर बिनतक्रार चाललेला प्रोग्रॅम मराठी निवडल्याबरोबर बंद.

यावर उपाय आहे आणि तो सुंदर आहे. चिन्हात क्रमांक घालायचा: ‘%२$एस मधून %१$डी फाइली काढल्या’. म्हणजे दुसरा माल इथे, पहिला तिथे. युनिक्सच्या जगाने ही सोय मुद्दाम भाषांतरासाठी केली, कारण वाक्याची रचना भाषेगणिक बदलते. मराठीला इंग्रजीच्या साच्यात कोंबायची गरज नाही; माल त्याच क्रमाने येऊ दे, आपण आपल्या क्रमाने उतरवून घेऊ.

पण अनुवादक क्रमांक घालायला विसरला तर? कंपायलरला मराठी फाइल दिसत नाही, ती वेगळी असते. इथे पहारा दोन जागी वाटून दिलाय. अनुवाद आणून देणाऱ्या गेटटेक्स्ट या फंक्शनला फॉरमॅट-आर्ग नावाचं अ‍ॅट्रिब्यूट असतं. त्याचा अर्थ: मी परत देतो ते चलान, मला दिलेल्या चलानाच्याच घडणीचं असेल. त्यावर विसंबून कंपायलर इंग्रजी वाक्य आणि माल ताडून पाहतो. अनुवादाच्या फाइलीत अशा प्रत्येक वाक्यावर ‘सी-फॉरमॅट’ अशी खूण साधन आपोआप उमटवतं, आणि फाइल पक्की करणाऱ्या प्रोग्रॅमला तपासणीचा पर्याय दिला की तो इंग्रजी आणि मराठी चलानं शेजारी ठेवून जुळवतो. आपलं ते ‘%एस मधून %डी’ तिथे अडतं. त्याला मराठीचं अवाक्षर कळत नाही, तरी मराठी वाक्यातली चूक तो पकडतो!

हे सगळं दूर कुठे परदेशातच घडतं असं समजू नका. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं, आणि जीसीसीच्या लाखो ओळींच्या आत नेमकं काय चालतं ते तिथल्या कार्यशाळांतून शिकवलं गेलं. रेड हॅटमध्ये काम केलेले सिद्धेश पोयरेकर हे ग्लिबसी या सीच्या मूळ लायब्ररीवर काम करणाऱ्यांमधलं परिचित नाव. त्या लायब्ररीतल्या फॉर्टिफाय नावाच्या पहाऱ्याची तिसरी पातळी त्यांनी घडवली. दुसऱ्या पातळीपासूनच हा पहारा बदलता येण्याजोग्या मेमरीतल्या चलानात %एन दिसलं की प्रोग्रॅम थांबवतो. तिसरी पातळी, प्रोग्रॅम चालू असताना मागितलेली मेमरी किती मोठी आहे याचाही हिशेब ठेवते, आणि तो ठेवताना पुन्हा अ‍ॅट्रिब्यूटचीच मदत घेते: ‘हे फंक्शन इतक्या बाइटांची जागा देतं’ असं सांगणारं अ‍ॅट्रिब्यूट.

तर, सी लिहिणाऱ्या आणि शिकवणाऱ्या वाचकांना एक विनंती. तुमच्या प्रोग्रॅममध्ये तीन टिंबांचं फंक्शन असेल, तर आजच त्याच्या घोषणेला ते शेपूट जोडा, आणि वर्गात प्रिंटएफ शिकवताना मुलांना चुकीचं चलान मुद्दाम लिहायला लावून वॉर्निंग दाखवा. जीसीसीला कॅपिटल डब्ल्यू आणि ऑल हा पर्याय द्यायचा, म्हणजे ही तपासणी सुरू होते. कुठल्या फंक्शनला शेपूट हवं ते शोधायचाही कंटाळा असेल, तर जीसीसीमध्ये सजेस्ट-अ‍ॅट्रिब्यूट नावाचा पर्याय आहे. त्यात फॉरमॅट निवडा. मग आत प्रिंटएफच्या कुळातल्या फंक्शनला माल पुढे पाठवणारं तुमचं फंक्शन दिसलं की कंपायलर स्वतःच सुचवतो, की इथे हे अ‍ॅट्रिब्यूट लावता येईल.